नगरचं अपील औरंगाबादला, नाशिकचं मुंबईला, बुलढाण्याचं नागपूरला: हायकोर्टाच्या हद्दी कोणी आणि कशा आखल्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमची शेती नेवासा तालुक्यात, म्हणून तुमचं दुसरं अपील औरंगाबाद खंडपीठात. मावसभाऊ निफाडचा, त्याचं अपील मुंबईला. सासुरवाडी सिंदखेडराजाची, तिथून जालना अगदी जवळ, तरी मेहुण्याची रिट याचिका थेट नागपूरला. राज्य एक, हायकोर्ट एक, मग या रेषा कोणी आणि कधी ओढल्या, उद्या त्या हलतील का, आणि हलल्या तर चालू प्रकरणाचं काय होईल?

जिल्हा न्यायालयात आणि खंडपीठात मी जमिनीचीच प्रकरणं जास्त चालवतो. त्यामुळे हा प्रश्न पक्षकार मला वारंवार विचारतात. अनेकांना वाटतं की कलेक्टरची हद्द तीच कोर्टाची हद्द. या समजापायी माणसं चुकीच्या दारात उभी राहतात आणि मुदत घालवून बसतात, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की धरा. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, पणजी आणि आता कोल्हापूर ही वेगवेगळी हायकोर्टं नाहीत. हायकोर्ट एकच आहे, न्यायमूर्ती बसण्याच्या जागा अनेक. पण त्या जागांना जिल्हे वाटून देणारे कागद सारख्या वजनाचे नाहीत. नागपूर आणि पणजीची रेषा संसदेच्या कायद्यात आहे, औरंगाबादची राष्ट्रपतींच्या आदेशात, तर कोल्हापूरची मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या संमतीने काढलेल्या आदेशात. तुमच्या जिल्ह्याची रेषा यांपैकी कोणत्या कागदावर आहे, त्यावर ती किती सहज हलेल हे ठरतं.

सुरुवात १८२७ पासून करू. एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई इलाख्याचे विनियम एकत्र झाले आणि जिल्ह्याजिल्ह्यात अदालतींची उतरंड लागली. मुंबई बेटावर राजाचं सुप्रीम कोर्ट, तर मुफस्सिलात, म्हणजे बेटाबाहेरच्या जिल्ह्यांत, कंपनीच्या सदर अदालती. १८६२ मध्ये हे दोन्ही प्रवाह मुंबई हायकोर्टात मिसळले. आजही हायकोर्टात 'मूळ शाखा' (जिथे दावा थेट हायकोर्टातच दाखल होतो) आणि 'अपील शाखा' अशी जी विभागणी दिसते, ती या जुन्या दोन घरांची आहे. मूळ शाखेची हद्द आधी फक्त बेटापुरती होती. १९४५ च्या कायद्याने ती बृहन्मुंबईपर्यंत वाढली. त्याच १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबईकडे आला आणि कारवारचे पक्षकार मुंबईला येऊ लागले. बेळगाव, धारवाड, विजापूर तर आधीपासूनच इकडे होते.

जिल्हा पातळीवर १८६९ चा मुंबई दिवाणी न्यायालये कायदा महत्त्वाचा. त्यात जिल्हा न्यायालयं ठरली आणि दिवाणी कामासाठी जिल्ह्यांच्या हद्दी राजपत्रातल्या अधिसूचनेने बदलण्याचा अधिकार सरकारला मिळाला. 'दिवाणी कामासाठी' हे शब्द नीट वाचा. महसुली जिल्हा आणि न्यायिक जिल्हा वेगळे असू शकतात हे तेव्हापासून गृहीत आहे. १८६९ मध्येच कुलाबा (आजचा रायगड) जिल्हा ठाण्यातून वेगळा निघाला, कलेक्टर अलिबागला बसला, पण न्यायाच्या कामात कुलाबा पुढे बराच काळ ठाण्याच्या जिल्हा न्यायाधीशाच्या अखत्यारीत राहिला.

आता १ नोव्हेंबर १९५६ कडे येऊ, कारण तुमच्या मेहुण्याचं उत्तर तिथे दडलेलं आहे. त्या दिवशी राज्यपुनर्रचनेने, आजच्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर, तीन हायकोर्टांचे मुलूख मुंबई हायकोर्टाखाली आणले. मुंबईचा स्वतःचा मुलूख होताच, त्यातून बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार म्हैसूर राज्याकडे गेले. बेळगाव गेलं तरी त्यातला चंदगड तालुका मागे ठेवून कोल्हापूरला जोडला, त्यामुळे चंदगडकरांचं जिल्हा न्यायालय बदललं, हायकोर्ट मुंबईच राहिलं. नागपूर हायकोर्टाच्या मुलखातून विदर्भाचे आठ जिल्हे आले. हैदराबाद हायकोर्टाच्या मुलखातून मराठवाडा आला.

नागपूरची हकिगत सांगताना मला आजही वाईट वाटतं. मध्यप्रांतासाठी नागपुरात आधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. जानेवारी १९३६ मध्ये त्याचं पूर्ण हायकोर्ट झालं आणि सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. जबलपूर, रायपूर, बिलासपूरचे लोक नागपूरला येत. वऱ्हाडही त्यात होता. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता आणि १९०२ च्या कायम भाडेपट्ट्यानंतर १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. बुलढाणा जिल्हा, आणि त्यातलं सिंदखेडराजा, याच वाटेने नागपूरच्या कोर्टाकडे गेलं. जालना मात्र निजामाकडेच राहिलं. दोन गावांतलं अंतर थोडं असलं तरी ती शंभर वर्षं दोन वेगळ्या राजवटींत, दोन वेगळ्या न्यायव्यवस्थांत होती.

१९५६ मध्ये कायद्याच्या दृष्टीने नागपूरचं हायकोर्ट नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट झालं आणि जबलपूरला गेलं. नागपूरचे शेवटचे मुख्य न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला हेच मध्य प्रदेशाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. नागपुरात राहिली ती सिव्हिल लाइन्समधली भव्य दगडी इमारत आणि राजधानी गमावलेलं शहर. १९५३ च्या नागपूर करारात नेत्यांनी विदर्भाला शब्द दिला होता की हायकोर्टाचं मुख्य ठिकाण मुंबई राहील आणि एक खंडपीठ नागपूरला असेल. तो शब्द पाळण्यासाठी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ च्या तिसऱ्या पोटकलमाखाली आदेश काढला की नागपूर आणि राजकोट इथेही न्यायमूर्ती बसतील. राजकोट ऐकून चकित होऊ नका. त्या वेळी सौराष्ट्रही द्वैभाषिक मुंबई राज्यात होता. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला, अहमदाबादला हायकोर्ट झालं आणि राजकोटचं बसणं संपलं.

नागपूरचं उलट झालं. मुंबई पुनर्रचना कायदा, १९६० च्या कलम ४१ मध्ये नागपूरचं कायम खंडपीठ आलं, किमान तीन न्यायमूर्तींचं, आणि जिल्ह्यांची यादी कायद्यातच छापली गेली: बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) आणि राजुरा. चार वर्षांपूर्वी एका मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशावर उभी असलेली रेषा संसदेने पक्की केली. पुढे वाशीम, गडचिरोली, गोंदिया हे जिल्हे याच मुलखातून निघाले, म्हणून तेही नागपूरलाच. यादीतल्या कोणत्याही जिल्ह्याचं एखादं प्रकरण मुंबईत चालवण्याचा आदेश मुख्य न्यायमूर्ती देऊ शकतात. पण अख्खा बुलढाणा जिल्हा उचलून औरंगाबादला जोडायचा, तर संसदेने छापलेल्या यादीला हात लावावा लागेल. बुलढाण्याहून औरंगाबाद नागपूरच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे, आणि तिथल्या गरीब पक्षकाराला हा प्रवास किती महाग पडतो ते मी पाहतो. पण अंतर हा युक्तिवाद कलम ४१ पुढे टिकत नाही.

त्या यादीतला राजुरा हा शब्द मला फार बोलका वाटतो. राजुरा आणि किनवट हे दोन्ही तालुके हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातले, १९५६ मध्ये एकत्रच मुंबई राज्यात आले. किनवट नांदेडमध्ये राहिलं आणि पुढे औरंगाबाद खंडपीठाकडे गेलं. राजुरा १९५९ मध्ये चांद्याकडे, म्हणून नागपूरला गेलं. पण कोर्ट बदललं तरी जमिनीचा कायदा आपोआप बदलत नाही. विदर्भाला १९५८ चा विदर्भ प्रदेशाचा कूळकायदा लागू, तर राजुऱ्याला हैदराबादचा १९५० चा. चंद्रपूरचा नवखा वकील राजुऱ्याच्या कुळाची बाजू १९५८ च्या कायद्यावर मांडायला लागला की समोरचा जाणकार वकील पहिल्याच तारखेला त्याला अडवतो. तुमच्या खंडपीठातही हेच आहे. नेवाशाच्या कुळाला १९४८ चा मुंबई कूळकायदा आणि शेजारच्या गंगापूरच्या कुळाला हैदराबादचा, दोन्ही अपिलं मात्र एकाच न्यायमूर्तींपुढे.

मराठवाड्याला सर्वांत जास्त थांबावं लागलं. १९५६ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादचे लोक हायकोर्टासाठी हैदराबादला जात. निजामी कोर्टांची भाषा उर्दू, म्हणून आजही जुन्या वादांत उर्दू हुकूमनामे आणि खासरा पाहणी पत्रकं निघतात, आणि ती अचूक वाचू शकणारे जाणकार दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहेत. जिल्हा न्यायालयांनी ही दप्तरं तातडीने जपावीत अशी माझी कळकळीची मागणी आहे. एका उर्दू नोंदीवर एका कुटुंबाची सगळी जमीन अवलंबून असते.

१९५६ नंतर हे सगळे लोक मुंबईला जाऊ लागले. नागपूरला खंडपीठ मिळालं, मराठवाड्याला नाही, ही सल वकिलांनी आणि लोकांनी वर्षानुवर्षं मांडली. शेवटी मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी छागलांनी वापरलेलं तेच पोटकलम वापरून २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला न्यायमूर्ती बसवले. सुरुवातीच्या यादीत फक्त मराठवाडा होता. आदेशाला आव्हान मिळालं आणि हायकोर्टाने तो रद्दही ठरवला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुनर्रचनेसाठी केलेलं कलम आता वापरता येईल का, असा वाद होता. सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये पुराणिक खटल्यात सांगितलं की हा अधिकार संपलेला नाही, आणि राष्ट्रपतींचा कायम खंडपीठाचा अधिकार आणि मुख्य न्यायमूर्तींचा बैठकीची जागा ठरवण्याचा अधिकार हे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. महाराष्ट्रातल्या कोर्टांच्या भूगोलावर इतका दूरगामी परिणाम करणारा दुसरा निकाल मला माहीत नाही. २७ ऑगस्ट १९८४ पासून राष्ट्रपतींच्या आदेशाने ते खंडपीठ कायम झालं.

नगर, जळगाव आणि धुळे पुढे औरंगाबादला जोडले गेले. हे तिन्ही जुन्या मुंबई इलाख्यातले, निजामाशी त्यांचा काही संबंध नव्हता. म्हणजे तुमच्या बाबतीत रेषा अंतर पाहून आखली: नेवाशाहून औरंगाबाद जवळ, मुंबई लांब. निफाडच्या भावाला मुंबई सोयीची, म्हणून नाशिक मुंबईकडेच. नंदुरबार धुळ्यातून निघालं, त्यामुळे तेही औरंगाबादला. तुमची रेषा सोयीने ठरली, मेहुण्याची इतिहासाने, आणि एकाच नकाशावर दोन्ही असल्यामुळे तो नकाशा विसंगत दिसतो.

गोव्याचं थोडक्यात. पोर्तुगीज काळात तिथे रेलासांव नावाचं वरिष्ठ न्यायालय होतं, मुक्तीनंतर ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट आलं, आणि संसदेच्या १९८१ च्या कायद्याने ३० ऑक्टोबर १९८२ पासून मुंबई हायकोर्टाची हद्द गोव्यापर्यंत जाऊन पणजी खंडपीठ झालं. त्याचं काम आता पर्वरीच्या इमारतीत चालतं. हे खंडपीठ गोव्यापुरतंच. सावंतवाडीच्या माणसाला पर्वरी दीड-दोन तासांवर असली तरी त्याचं अपील वर्षानुवर्षं मुंबईला जात होतं.

ते आता कोल्हापूरला जातं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ ही मागणी लावून धरली, काम बंद ठेवलं, मोर्चे काढले. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. आधार पुन्हा कलम ५१ चं तिसरं पोटकलमच. नागपूर १९५६ मध्ये आणि औरंगाबाद १९८१ मध्ये ज्या पायरीवर होतं, त्या पायरीवर कोल्हापूर आज आहे. हे बेंच कायम व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण ते आपोआप होणार नाही. मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने आलेली बैठक तशाच आदेशाने बदलताही येते. पुणे मात्र मुंबईकडेच आहे.

जिल्हा न्यायालयाच्या हद्दीत सर्वांत जास्त फसगत नव्या जिल्ह्यात होते. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा जिल्हा झाला, कलेक्टर, पोलीस अधीक्षक आले, पण त्यानंतरही बरीच वर्षं न्यायिक कामात तो ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाखालीच होता. हिंगोली परभणीतून आणि वाशीम अकोल्यातून निघाले तेव्हाही हाच क्रम होता. कारण साधं आहे: महसुली जिल्हा महसूल कायद्याच्या अधिसूचनेने होतो. दिवाणी जिल्हा न्यायालयाला वेगळी अधिसूचना लागते आणि सत्र विभागासाठी हायकोर्टाशी विचारविनिमय करून फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखाली, म्हणजे पूर्वी सीआरपीसीच्या आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७ खाली, आणखी एक. त्यात इमारत, न्यायाधीशांची पदं, नाझर, बेलिफ, दप्तर हे सगळं मंजूर व्हावं लागतं. उलटही घडतं. मुंबई उपनगर १९९० पासून वेगळा महसुली जिल्हा आहे, पण शहर दिवाणी आणि सत्र न्यायालय दोन्हींना एकच, फक्त दिंडोशीला त्याची शाखा आहे. नव्या जिल्ह्याची मागणी करताना लोक कलेक्टर कचेरी मागतात, न्यायालयाची अधिसूचना मागायचं राहून जातं. ती पहिल्या दिवसापासून मागितली पाहिजे.

आता रेषा हलली तर चालू प्रकरणाचं काय. नवं न्यायालय स्थापन करणाऱ्या अधिसूचनेत किंवा तिच्या जोडीच्या आदेशात प्रलंबित कामं कुठे जातील हे लिहिलेलं असतं. दावा वर्ग झाला तर पुढचं काम तिथून चालू होतं, झालेला पुरावा पुसला जात नाही. नवा क्रमांक पडतो आणि नोटीस कधी कधी जुन्या वकिलाकडेच जाते, म्हणून वर्ग झालेली फाइल कोणत्या कोर्टात उभी आहे हे स्वतः तपासा. पक्षकाराला पत्ता नाही आणि दावा गैरहजेरीत निकाली, अशी प्रकरणं दुर्दैवाने माझ्याकडे येतात.

हायकोर्टात कुठे दाखल करायचं हे अपील शाखेच्या १९६० च्या नियमांत जिल्हावार दिलं आहे. जिल्हा न्यायालयाच्या निकालावरचं अपील सरळ त्या जिल्ह्याच्या खंडपीठात. रिटमध्ये वादाचं कारण दोन खंडपीठांच्या हद्दींत अंशतः घडलं असेल, तर निवड याचिकाकर्त्याची, हे सुप्रीम कोर्टाने अलाहाबाद आणि लखनौच्या वादात, १९७५ च्या नसीरुद्दीन निकालात, स्पष्ट केलं आहे. मेहुण्याच्या रिटमधला आक्षेपार्ह आदेश औरंगाबादच्या एखाद्या प्राधिकरणाने दिला असेल, तर हा मुद्दा त्याच्या वकिलांनी जरूर तपासावा. पण जमीनही बुलढाण्यात आणि आदेशही तिथलाच असेल, तर नागपूरच.

जिल्ह्यांची नावं बदलली म्हणून गोंधळू नका. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं आली तरी हद्द तीच आहे, आणि हायकोर्टाच्या शीर्षकात अजून औरंगाबाद खंडपीठ असंच लिहिलं जातं. अर्जात जिल्ह्याचं नवं नाव आणि 'पूर्वीचा अहमदनगर' असं दोन्ही लिहा, म्हणजे जुन्या फेरफाराशी आणि हुकूमनाम्याशी मेळ बसतो.

चुकीच्या न्यायालयात दावा लागलाच असेल तर घाबरू नका, पण उशीरही करू नका. प्रतिवादीने स्थानिक हद्दीचा आक्षेप पहिल्या संधीलाच घ्यायचा असतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २१ प्रमाणे तो अपिलात पहिल्यांदा काढून सहसा भागत नाही. प्रामाणिकपणे चुकीच्या कोर्टात घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली दाव्याच्या मुदतीतून वगळता येतो. अपिलात त्याच तत्त्वावर विलंबमाफी मागतात. त्यासाठी दाखल केल्याची तारीख, परतीच्या हुकमाची नक्कल हे कागद हवेतच.

आणि दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. हुकूमनामा जुन्या जिल्ह्याच्या कोर्टाचा, जमीन आता नव्या कोर्टाच्या हद्दीत, अशा वेळी लोक दोन्हींकडे हेलपाटे घालतात. संहितेच्या कलम ३७ चं १९७६ मध्ये जोडलेलं स्पष्टीकरण सांगतं की मुलूख दुसऱ्या कोर्टाकडे गेला एवढ्याने मूळ कोर्टाचा अंमलबजावणीचा अधिकार जात नाही. दरखास्तीच्या वेळी आज दावा लावला असता तर ज्या कोर्टाला तो ऐकता आला असता, तेही कोर्ट ती घेऊ शकतं. अपिलाचा निकाल तुमच्या बाजूने लागला आणि दरम्यान तालुक्याची हद्द बदललेली असली, तर जमीन ज्याच्या हद्दीत आहे त्या कोर्टात दरखास्त द्या. ताबा द्यायला बेलिफ तिथलाच जाणार असतो. दरखास्तीसोबत हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल आणि हद्दबदलाच्या राजपत्राची प्रत जोडा, नाहीतर फाइल हद्दीच्या शेऱ्यावर परत येते.